आधी लाकडांची सोय करा

पत्र थोडक्यात : बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून एका ताईंनी लिहिलंय. वय चौतीस. नवरा गोव्यात हॉटेलात कामाला, पंधरा दिवसांनी घरी येतो. घरी सासू-सासरे, सातवीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा. सात वर्षांपूर्वी पंचायतीच्या योजनेतून परसात चिऱ्याचा संडास बांधला. फोटो काढून नेले, पैसेही जमा झाले. पण तो वापरात आलाच नाही. आज त्यात जळण, शेणी आणि काजूची पोती आहेत. मागच्या बाजूला खड्ड्याचं एकच झाकण दिसतं, आणि तिथून विहीर पंधरा-वीस पावलांवर आहे. नळाला पाणी एक दिवसाआड येतं, बाकीचं विहिरीवरून ताईच आणतात. सासरे म्हणतात, "घराला लागून घाण नको. आणि खड्डा भरला तर उपसणार कोण?" चुलत दिराचा संडास ऐन आषाढात तुंबून वर आलेला त्यांनी पाहिलाय. सासूबाई म्हणतात, "आमची हयात गेली शिवारात, काय झालं आम्हाला?" ताई आणि मुलगी उजाडायच्या आत आणि दिवेलागणीनंतर बाहेर जातात. गेल्या महिन्यात झाडीतून कुणीतरी मोबाइलची बॅटरी मारली, तेव्हापासून मुलगी रात्री जेवत नाही. शाळेतल्या संडासाला कुलूप असतं, म्हणून ती तिथं पाणीही पीत नाही. ताईंपुढे दोन वाटा आहेत : मुलांना घेऊन बेळगावात अनगोळ-वडगावकडे खोली करायची, नाहीतर "संडास सुरू करा, नाहीतर मी माहेरी चालले" असं तोंडावर सांगायचं. नवऱ्याचं म्हणणं, "तुला बरं वाटेल ते कर." त्या विचारतात, "एवढ्याशा गोष्टीसाठी मी घर मोडायला निघाले का? सासूबाई अडाणी आहेत, सांगून उपयोग नाही."

ताई,

ही गोष्ट एवढीशी आहे का, हे आधी निकालात काढू, म्हणजे पुढचं मोकळेपणानं बोलता येईल. माणूस जेवतो तितक्याच नेमानं जे त्याला करावं लागतं, ते एवढंसं कसं असेल? २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं पिण्याचं शुद्ध पाणी आणि स्वच्छतेची सोय हा माणसाचा हक्क असल्याचा ठराव केला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२४ च्या आकडेवारीनुसार जगात सुमारे ३४० कोटी लोकांना अजून सुरक्षित संडासाची सोय नाही, आणि त्यातले ३५ कोटींवर लोक उघड्यावर जातात. आपल्याकडच्या सरकारी वहीत मात्र तुमचं घर 'संडास आहे' या रकान्यात केव्हाच जाऊन बसलंय. २ ऑक्टोबर २०१९ ला देशातली सगळी खेडी हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर झालं, त्यात तुमचंही गाव आलं. फोटो आहे, भिंती आहेत, पैसे मिळालेत. आत जळण आहे हे लिहायला वहीत जागा नाही.

आता मुलीचं, कारण ते थांबणारं नाही. रात्री न जेवणं आणि दिवसभर पाणी न पिणं हा तिनं स्वतःपुरता काढलेला मार्ग आहे. तुम्हीही तिच्या वयाच्या असताना थोड्याफार फरकानं हेच केलं असणार. पण लघवी तुंबवून आणि पाणी तोडून मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होतो. जळजळ, सारखं जावंसं वाटणं, कमरेत कळ, थंडी वाजून ताप, यातलं काही दिसलं तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका, आशाताईंना सांगून प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. आणि त्या बॅटरीबद्दल : ही गोष्ट दडपू नका. मुलीला एकटीला पाठवायचं नाही, एवढ्यावर विषय मिटवलात तर जिनं काही केलं नाही तिच्यावरच बंधन येतं. गावातल्या दोन-चार जाणत्या माणसांच्या कानावर घाला, पुन्हा घडलं तर ११२ ला फोन करा. मुलांसाठी १०९८ आहे. घरात संडास झाला की या माणसाचा प्रश्न आपोआप सुटला, असंही समजू नका. तो उद्या पाणवठ्यावर उभा राहील.

आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य, सासूबाई अडाणी असल्याचं. इथं मी तुमच्याशी थोडी भांडणार आहे.

२०१४ साली उत्तरेकडच्या पाच राज्यांत घरोघरी जाऊन एक पाहणी झाली. ज्या घरांत चालू संडास होता, त्यांतल्या शंभरातल्या चाळीसहून अधिक घरांत निदान एक माणूस तरी बाहेरच जात होतं. त्याच वर्षी ओडिशातल्या १०० गावांतल्या अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गावांत संडास भराभर बांधले गेले, पण वापर कमी राहिला आणि मुलांचे जुलाब काही कमी झाले नाहीत. उलट बांगलादेश बघा. १९९० च्या सुमारास तिथं दर तीन माणसांतलं एक उघड्यावर जात होतं, २०१५ पर्यंत तो आकडा जवळजवळ शून्यावर आला. बहुतेक ठिकाणी साधा खड्डा, त्यावर सिमेंटची फरशी आणि आडोसा, इतकंच. तिथली माणसं त्या काळात आपल्याहून शिकलेली नव्हती की श्रीमंत नव्हती. तेव्हा शहाणपणाचा आणि संडासाचा सरळ संबंध जोडायच्या आधी जरा थांबा, आणि घरातली माणसं नेमकं काय बोलताहेत ते ऐका. तुमच्या सासू-सासऱ्यांच्या बोलण्यात मला चार वेगवेगळे प्रश्न दिसतात. चारही प्रश्न रास्त आहेत.

पहिला प्रश्न त्यांनी तोंडानं विचारलेलाच नाही. जळण कुठं ठेवायचं? तुमच्याकडचा पाऊस मी तुम्हाला काय सांगावा. जांबोटी-कणकुंबीच्या अंगाला मृग लागला की चार महिने भिंतींना ओल, कपड्यांना वास, आणि चूल पेटवायची तर फुंकून फुंकून डोळे लाल. अशा परसात चिऱ्याची, पत्र्याची, दार लागणारी कोरडी खोली एकच, तीही सरकारी पैशानं झालेली. जिला पहाटे त्या जळणावर पाणी तापवायचंय ती बाई तिथं लाकडं रचणार नाही तर काय करणार? तुम्ही "संडास रिकामा करा" म्हणता तेव्हा सासूबाईंच्या कानावर "जळण भिजू दे" असं पडतं. म्हणून पहिलं काम संडासाचं नाहीच. चार मेढी, वर दोन-तीन पत्रे, खाली चिऱ्यांचा ओटा म्हणजे तळची ओल वर चढणार नाही, आणि पावसाच्या झडीकडच्या बाजूला झावळ्यांचा नाहीतर जुन्या ताडपत्रीचा आडोसा. काजूची पोती माळ्यावर. हे आधी उभं करा, सासूबाईंना विचारून त्यांना सोयीच्या जागी. तोवर संडासाचं नाव काढू नका.

दुसरा प्रश्न पाण्याचा. या प्रश्नात तुम्ही आणि सासूबाई एकाच बाजूला आहात, पण दोघींच्या ते लक्षात आलेलं दिसत नाही. शिवारात गेलं की एक तांब्या पुरतो. संडास सुरू झाला की ओतायला पाणी लागणार, ते आणणार कोण? घरातल्या बाईच्या खेपा वाढणार, हे सासूबाईंना न शिकता कळतं, कारण त्यांनी जन्मभर घागरी वाहिल्यात. सरकारनंही उलटा क्रम लावला. स्वच्छ भारत अभियान सुरू झालं २ ऑक्टोबर २०१४ ला, आणि घरोघरी नळ द्यायचं जलजीवन मिशन, आपल्याकडे 'मनेमनेगे गंगे' नावानं आलं ते, १५ ऑगस्ट २०१९ च्या घोषणेतून. आधी संडास, पाच वर्षांनी पाणी! शंभर वर्षांपूर्वी बेळगावला याहून जास्त व्यवहार कळत होता. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा येणाऱ्या माणसांसाठी टिळकवाडीत खास विहीर खणली होती. ती काँग्रेस विहीर आजही तिथं आहे.

हिशेब मात्र वाटतो तितका भयंकर नाही. संडासाचं भांडं खेड्यांसाठी असतं ते तीव्र उताराचं असेल, तर एका वेळेला दीड-दोन लिटर पाणी पुरतं. शहरी सपाट भांडं असेल तर बादली लागते. मेस्त्रीनं कुठलं बसवलंय ते आतली लाकडं निघाली की कळेलच, आणि सपाट असेल तर बदलून घ्या, त्या खर्चाचा पश्चात्ताप होणार नाही. पाच माणसांना धुण्या-ओतण्यासकट दिवसाला दोन-तीन घागरी पाणी पुरावं. न्हाणीतलं पाणी एका पिंपात साठवलंत तर ओतायला तेच चालतं, फक्त ते खड्ड्यात एकदम सोडायचं नाही. पावसात पत्र्याला पन्हळ लावून खाली पिंप ठेवलं की चार महिने विहिरीची खेप नाही. आणि संडासाचं पिंप भरायची पाळी लावा : एक दिवस मुलगा, एक दिवस मुलगी, नवरा आला की तो. तिसरीतला मुलगा अर्धी कळशी आणू शकतो. हे काम फक्त तुमच्या आणि मुलीच्या गळ्यात पडणार असेल, तर सासूबाईंचा विरोध बरोबर आहे असंच मी म्हणेन. एका गोष्टीचा पाठपुरावा मात्र करा. जलजीवनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर पाणी मिळायला हवं. पाच माणसांचे ते पावणेतीनशे लिटर होतात. दिवसाआड नळातून तुमच्या घरी किती येतं, ते आठवडाभर घागरींनी मोजून वहीत लिहा. ग्रामसभेत नुसतं "पाणी येत नाही" म्हटलं तर उत्तर मिळतं, "येतं की." आकडा सांगितला की तसं म्हणता येत नाही.

तिसरा प्रश्न तुमच्या सासऱ्यांचा. खड्डा भरला तर उपसणार कोण? सगळ्या पत्रात मला हाच प्रश्न सगळ्यात चोख वाटला, आणि त्याचं उत्तर त्यांना सात वर्षांत कुणी दिलेलं नाही. ते आता देते. जरा बैजवार सांगते, कारण असाच एकच खड्डा असलेली घरं आपल्या भागात गल्लोगल्ली आहेत.

संडासाला दोन खड्डे लागतात. भांड्यातून येणारा पाईप एका लहान चेंबरमध्ये येतो, तिथून दोन तोंडं दोन खड्ड्यांकडे जातात, आणि एका वेळी एकच तोंड उघडं असतं, दुसरं वीट-मातीनं बुजवलेलं. खड्डा साधारण एक मीटर रुंद आणि मीटर-सव्वा मीटर खोल असतो, भिंतींना जाळी नाहीतर भोकं असतात, आणि तळ मातीचाच असतो. पाणी जमिनीत मुरतं, वायू माती शोषून घेते, म्हणून उंच पाईपही लावावा लागत नाही. पाच-सहा माणसांच्या घरात एक खड्डा तीन ते पाच वर्षं चालतो. भरला की चेंबरमधलं तोंड फिरवायचं आणि भरलेला खड्डा दीड-दोन वर्षं तसाच झाकून ठेवायचा. तेवढ्या मुदतीत आतल्या घाणीची माती होते. कोरडी, काळपट, वास नसलेली. २०१७ च्या फेब्रुवारीत तेलंगणातल्या गंगदेवीपल्लीत पेयजल व स्वच्छता खात्याचे केंद्रीय सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः अशा खड्ड्यात उतरले आणि त्यांनी हातानं ते खत बाहेर काढलं. तेव्हा "उपसणार कोण?" याचं उत्तर, "मामंजी, तुम्ही आणि तुमचा मुलगा. फावड्यानं, दुपारच्या आत, आणि नारळाच्या आळ्यात घालायचं," असं आहे.

या प्रश्नाखाली आणखी एक गोष्ट दडलेली असते, ती बोलून टाकू. पूर्वी हे उपसायला कोण यायचं हे गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि ते काम आपल्या घरातल्या माणसानं करायचं या कल्पनेनंच अंगावर काटा येतो. तो काटा जातीचा आहे. माणसाच्या हातून मैला उपसून घेणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा ठरलंय, आणि एकाच खोल खड्ड्याच्या संडासानं शेवटी त्याच गुन्ह्याशी नेऊन ठेवलेलं असतं. दोन खड्ड्यांमुळे ही वेळच येत नाही, म्हणून मी दुसऱ्या खड्ड्यावर अडून बसलेय.

चुलत दिराच्या संडासाचं काय झालं, तेही या निमित्तानं कळेल. आषाढात तुमच्याकडे जमिनीतलं पाणी वर येतं. खड्डा खोल असेल तर तो खालूनच पाण्यानं भरतो, आणि वरून ओतलेलं परत फिरतं. सासऱ्यांना वाटलं खड्डा भरला. तो घाणीनं भरला नव्हता. उपाय असा की दुसरा खड्डा खणताना उथळ ठेवायचा, तोंड जमिनीच्या वर हात-दीड हात उचलून घ्यायचं आणि भोवती मातीचा भराव घालून दाबायचा. भांड्याची जागाही तेवढीच वर घ्यावी लागते, दोन पायऱ्या वाढतात. निपाणी-चिकोडीकडे कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठी राहणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. २०१९ च्या ऑगस्टातला पूर ज्यांनी पाहिला, त्यांना चौथरा किती उंच हवा ते माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. पूर ओसरल्यावर विहीर उपसून, क्लोरिन टाकल्याशिवाय तिचं पाणी पिऊ नये.

आणि विहीर. पंधरा-वीस पावलं म्हणजे दहा मीटरच्या आसपास. खड्डा आणि विहीर यांत कमीत कमी दहा मीटर अंतर हवं असं मानतात, पण जांभ्या दगडाला भेगा असतात आणि त्यांतून पाणी गाळलं न जाता भर्रकन पुढं जातं. म्हणून तुमच्याकडे दहा मीटर म्हणजे काठावर पास. दुसरा खड्डा विहिरीच्या उलट बाजूला, उताराच्या खालच्या अंगाला घ्या. जुना खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला असेल तर तोही हलवावा लागेल, त्याला इलाज नाही. जलजीवनमध्ये दर गावात पाच बायकांना पाणी तपासायचं शिक्षण द्यायची तरतूद आहे. तुमच्या गावात त्या कोण आहेत ते पंचायतीत विचारा आणि पावसाआधी नि पावसात एकदा विहिरीचं पाणी तपासून घ्या. तोवर पिण्याचं पाणी उकळा. आज तुम्ही सगळे शिवारात जाता, ते पावसाच्या पहिल्या लोटाबरोबर कुठं जातं याचाही विचार करा. मलप्रभा तुमच्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते आणि पुढं सौंदत्तीच्या धरणात अडते. हुबळी-धारवाडची माणसं तेच पाणी पितात. वरच्या गावची घाण खालच्या गावाला किती महागात पडते, हे हैतीनं पाहिलं. पाणी हा हक्क असल्याचा ठराव झाला त्याच २०१० सालच्या ऑक्टोबरात, संयुक्त राष्ट्रांच्याच शांतिसैनिकांच्या छावणीतली घाण तिथल्या एका ओढ्यातून मोठ्या नदीत गेली आणि कॉलरा पसरला. दहा हजारांच्या आसपास माणसं दगावली. आपला त्यात हात असल्याचं मान्य करायला संयुक्त राष्ट्रांना २०१६ उजाडलं.

चौथा प्रश्न सासूबाईंचा एकटीचा. "आमची हयात गेली शिवारात" या वाक्यात तक्रार ऐकू येते का तुम्हाला? मला नाही येत. पहाटे चौघीजणी मिळून जायचं, वाटेत सुनांची गाऱ्हाणी, माहेरची खबर, कुणाची म्हैस व्यायली, कुणाचं लग्न मोडलं. त्यांच्या पिढीच्या बाईला घराबाहेर निवांत बोलायला मिळायचं ते तेवढंच. संडास म्हणजे त्यांच्या दृष्टीनं ती सोबत बंद. म्हणून त्यांना तुमच्यासारखं वागायचा आग्रह करू नका. त्यांनी पहाटे खुशाल चक्कर मारावी, मैत्रिणींबरोबर. पण मुसळधार पावसात, रात्री पोटात कळ आली तर, गुडघे धरले असताना चिखलात उकिडवं बसण्यापेक्षा परसात दोन पावलांवर सोय आहे, एवढंच त्यांना कळू द्या. आत बसल्या जागी भिंतीला एक लोखंडी कडी ठोकून घ्या, धरून उठायला. त्या कडीची किंमत फारशी नाही, पण ती आपल्यासाठी लावलीय हे त्यांना दिसेल. वापर सुरू झाला की त्यात फिनेल-अ‍ॅसिड ओतू नका, खड्ड्यातले जंतू मेले तर मातीच व्हायची नाही. ब्रश, थोडा साबण, पाणी, बस्स. पॅड आणि कपडे आत टाकायचे नाहीत, मुलीला हे आत्ताच सांगून ठेवा. आणि न्हाणीशेजारी साबणाची वडी टांगलेली हवी. संडास बांधून हात तसेच राहिले तर अर्धा फायदा गेला.

पंचायतीचं काम : पीडीओंकडे, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे, दुसऱ्या खड्ड्यासाठी आणि विहिरीच्या अंतराबद्दल लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आधीच अनुदान घेतलंय म्हणून "आता काही मिळत नाही" असं सांगितलं तर कुठल्या नियमानं, तेही लेखी मागा. अर्ज कुठल्या भाषेत, हा आपल्या भागातला नेहमीचा घोळ. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार राज्यात किंवा देशात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क आहे, तेव्हा मराठीत द्या. आणि जोडीला कन्नड येणाऱ्या कुणाकडून तरी तेच एका कागदावर लिहून घेऊन लावा. यात कमीपणा नाही. सीमाप्रश्नाचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. खड्डा पावसाच्या आधी व्हायला हवा.

शाळेतल्या कुलपाबद्दल मुख्याध्यापकांशी भांडण काढायला एकटीनं जाऊ नका. मुलींच्या तीन-चार आया मिळून एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास आणि देखरेख समितीच्या, बैठकीत जा. मुलांना आणि मुलींना वेगळे संडास आणि पिण्याचं पाणी ही २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातली अट आहे, कुणाचे उपकार नाहीत. कुलूप का असतं ते मात्र विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच असतं : धुणार कोण, आणि रात्री बाहेरची माणसं येऊन घाण करतात. मग किल्ली शाळेच्या वेळात वरच्या वर्गातल्या मुलींकडे ठेवता येते, बाहेर पाण्याचं पिंप ठेवता येतं, धुण्याचे पैसे शाळेच्या निधीतून मागता येतात. धुण्याचं काम ठरावीक घरातल्या मुलींवर ढकललं जात नाही ना, यावर डोळा ठेवा.

आता बेळगावची खोली. मुलांच्या शिक्षणासाठी जायचं असेल तर जा, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. पण संडासासाठी जात असाल तर आधी खोली बघा. चाळीत चार-पाच बिऱ्हाडांना एक संडास पुष्कळ ठिकाणी आहे. शहराच्या काही भागांत २००८ पासून चोवीस तास पाणी आहे, पण पुष्कळ गल्ल्यांत अजून नळाची वाट बघत बसावं लागतं. कुठली गल्ली, ते घरमालकाला न विचारता शेजारणीला विचारा. आणि शहरातलं सांडपाणी पुढं कुठं जातं ते वडगाव-शहापूरच्या शेतकऱ्यांना माहीत आहे, बळ्ळारी नाल्याच्या पाण्यात त्यांची भातं बुडतात. शिवाय तुम्ही गेलात तरी मागं दोन म्हातारी माणसं त्याच चिखलात जाणार, आणि पाच वर्षांनी त्यातलं एक पडलं की तुम्हालाच परत यावं लागणार.

माहेरी जायची धमकी मी तरी आत्ता देणार नाही. ती एकदाच चालते, आणि तिच्यामुळे संडास सुरू झाला तर तो 'सुनेनं हट्टानं करवून घेतलेला' ठरतो. मग भांडं तुंबलं तरी तुम्ही, वास आला तरी तुम्ही.

खरी अडचण वेगळीच आहे. सगळ्या पत्रात तुमच्या नवऱ्याचं एकच वाक्य आहे, "तुला बरं वाटेल ते कर." ते गोव्यात रोज संडासातच जातात ना? मग हे बापाशी बोलायचं काम त्यांचं आहे. सासऱ्यांना खड्ड्याचा हिशेब सुनेच्या तोंडून ऐकायला जड जाईल, मुलाच्या तोंडून तोच सरळ ऐकू येईल. फोनवर नको. पुढच्या सुट्टीला आले की पहिल्या दिवशी बापलेकांनी मिळून मागचं झाकण उघडून आत काय आहे ते बघावं, चेंबर आहे की थेट पाईप गेलाय, तळ पक्का केलाय की मातीचा, विहिरीपर्यंत टेपनं अंतर किती भरतं. दुसऱ्या दिवशी जळणाचा मांडव उभा करावा. मेस्त्रीला बोलवायचं ते त्यानंतरच्या खेपेला, आणि पैशाची बोलणी सासऱ्यांनाच करू द्या. हे सगळं मे संपायच्या आत.